लग्नानंतरचा मंगळवार

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या आठवणीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्या बाई शाळेतून निवृत्त झाल्यावर नाशिकमधल्या एका वधूवर सूचक मंडळाचं काम बघत. मी त्यांच्या हाताखाली शिकले. रविवारी सकाळी दहाला मंडळाची खोली उघडायची, सतरंजी झटकायची आणि कोपऱ्यातली हिरवी पत्र्याची पेटी पुढे ओढायची, ही माझी पहिली कामं. पेटीत परिचयपत्रकं असत. नाव, जन्मवेळ, उंची, वर्ण, रास, नाडी, गण, मामाचं आडनाव, शेती किती, भावंडं किती आणि सगळ्यांत खाली शेवटचा रकाना, ‘अपेक्षा’.

त्या रकान्यासमोर बहुतेकांनी एकच शब्द लिहिलेला असे, ‘अनुरूप’. थोडं जास्त लिहिणारे मुलाकडून ‘सुशिक्षित, मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष’ असं लिहीत आणि मुलीकडून ‘निर्व्यसनी, स्वतःचं घर असलेला’. बाई हातात पेन्सिल घेऊन बसत. ‘अनुरूप’खाली रेघ मारून समोर बसलेल्या मुलाला विचारत, “अनुरूप म्हणजे कशाला अनुरूप? तुझ्या उंचीला, तुझ्या आईच्या गुडघेदुखीला, की तुझ्या सकाळच्या चहाला?” मुलगा वडिलांकडे बघे. वडील म्हणत, “आमच्या काही खास अपेक्षा नाहीत हो.” बाई पत्रक बाजूला ठेवत आणि पुढच्या रविवारी या म्हणत.

आज परिचयपत्रक मोबाइलवर पीडीएफ होऊन येतं. वरती गणपती असतो, रास-नाडीही असते. ‘गृहकृत्यदक्ष’ हा शब्द मात्र मला बरीच वर्षं दिसलेला नाही. त्याच्या जागी मुलं लिहितात, ‘करिअर करणारी, पण घर जपणारी’. मुली लिहितात, ‘समजूतदार, वेल सेटल्ड’. यातले ‘पण’ आणि ‘वेल’ हे दोन शब्द माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहेत. लग्नाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या चोवीस ते बत्तीस वर्षांच्या पोरापोरींना एकमेकांकडून खरोखर काय हवं आहे आणि ते तोंडातून का निघत नाही, याबद्दल मला बोलायचं आहे.

बाईंचा एक नियम होता. मुलगा-मुलगी पहिल्यांदा भेटतील तेव्हा एक तास आईवडिलांनी व्हरांड्यात बसायचं. त्या काळी यावरून भांडणं झाली, काही स्थळं मंडळातून नाव काढून घेऊन गेली. नियम टिकला, पण बंद खोलीतला तो तास बहुतेक वेळा फुकट जायचा. पोरं एकमेकांना आवडता सिनेमा विचारायची, ट्रेकिंग आवडतं का विचारायची. मग एका वर्षी बाईंनी दोघांच्या हातात एकेक कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, “लग्न होऊन सहा महिने झालेत असं समजा. सण नाही, सुट्टी नाही, पाहुणे नाहीत. साधा मंगळवार. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय होईल ते वेळेसकट लिहा. एकमेकांचं बघायचं नाही.”

तेव्हापासून आजपर्यंत मी असे किती मंगळवार वाचले याची मोजदाद ठेवलेली नाही. पण त्यांतलं एक वाक्य मला पाठ झालं आहे. मुलांच्या कागदावर साडेआठ-नऊच्या सुमाराला हमखास येतं, ‘डबा घेऊन ऑफिसला निघणे.’ डबा घेऊन. तो डबा कोणी भरला, भाजी कोणी चिरली, आदल्या रात्री मटकी कोणी भिजत घातली, याची नोंद त्या कागदावर कुठेच नसते. मुलीच्या कागदावर हाच डबा सकाळी साडेपाचला सुरू होतो. ‘नळाला पाणी’, ‘कणीक’, ‘कुकर’, ‘दोन डबे’, ‘सासूबाईंचा चहा’, मग ‘आवरणे’ आणि नऊला ‘निघणे’. दोघंही नोकरी करणार असतात. पुष्कळदा पगारही सारखाच असतो. मंगळवारही एकच असतो, पण त्यात मुलीची सकाळ साडेतीन तासांची आणि मुलाची दीड तासाची.

इथे मुलींनी लगेच खूश होऊ नये. त्यांच्या कागदावर दुसरं काहीतरी गाळलेलं असतं. घराच्या कर्जाचा हप्ता, विजेचं बिल, गाडीचा विमा, सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं तर पैसे कुठून आणायचे, यांतलं काहीच मुलीच्या मंगळवारात नसतं. मुलाच्या कागदावर मात्र ‘हप्ता’ हा शब्द सारखा भेटतो. एकाने तर रात्री अकरासमोर नुसतं ‘हिशोब’ लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. मुलीचा पगार आहे, पण घर चालवायची काळजी मुलाची, असं दोघांनीही न बोलता धरून ठेवलेलं असतं. कणकेचा डबा तिच्या डोक्यात, हप्त्याची तारीख त्याच्या डोक्यात. हे त्यांनी ठरवलेलं नसतं. आपापल्या घरी वीस-पंचवीस वर्षं बघितलेलं ते कागदावर उतरतं.

ही एकट्या माझ्या मंडळातली गोष्ट आहे असं वाटू नये, म्हणून थोडे आकडे देते. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात, हे घरोघरी जाऊन विचारलं. घरातल्या लोकांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ निघाला 299 मिनिटं आणि पुरुषांचा 97 मिनिटं. पण ही 97 मिनिटं जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांची, आणि असे पुरुष 26.1 टक्के. बायकांमध्ये हे प्रमाण 81.2 टक्के. पाच वर्षांनी, 2024 मध्ये, हीच पाहणी पुन्हा झाली. बायकांची 299 मिनिटं 289 झाली. पुरुषांची 97 होती, ती 88 झाली. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छापण्यात चूक झाली असेल असं मला वाटलं. बायकांची दहा मिनिटं वाचली हे ठीक, पण ती पुरुषांनी उचललेली नाहीत. पुरुषांचीही नऊ मिनिटं वाचली. मिक्सर आले, गॅस आला, बाहेरून जेवण मागवायची सोय झाली, आणि त्यातून जे थोडंफार हलकं झालं ते दोघांनी आपापल्या जागी राहून वाटून घेतलं. जागा बदलल्या नाहीत.

प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेने 2019 च्या अखेरीपासून 2020 च्या मार्चपर्यंत भारतातल्या जवळपास तीस हजार प्रौढांशी बोलून एक अभ्यास केला. मुलांचं संगोपन आई आणि बाप दोघांनी करावं असं 62 टक्के लोकांनी सांगितलं. वाचून बरं वाटतं. त्याच अभ्यासात 87 टक्के जणांनी बायकोने नवऱ्याचं नेहमी ऐकलंच पाहिजे याला होकार दिला. मला सगळ्यांत जास्त टोचली ती तिसरी गोष्ट. तरुण आणि म्हातारे यांच्या उत्तरांत फारसं अंतर नव्हतं. आपण सगळे असं धरून चाललो आहोत की ही पिढी इंग्रजी शाळेत गेली, पुण्या-बंगळुरूला राहिली, स्वतःच्या हाताने मॅगी करून खाल्ली, म्हणजे आता आपोआप सगळं नीट होईल. काळ पुढे गेला की रीत बदलते असा आपला समज आहे. रविवारच्या त्या खोलीत मला तसं दिसत नाही. लग्नात जे बोलून ठरवलं जात नाही ते रूढी ठरवते आणि रूढीला सुट्टी नसते.

मुलाकडची माणसं काय बोलतात ते एकदा नीट कान देऊन ऐका. “आमच्याकडे एकदम मोकळं वातावरण आहे. सुनेला नोकरी करू देतो. ड्रेस घालू देतो. माहेरी जाऊ देतो.” हे सगळं ते मनापासून, चांगुलपणाने म्हणतात, मला त्याबद्दल शंका नाही. पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘देतो’ आहे. एका मुलीने माझ्यासमोर एका सासरेबुवांना अगदी शांतपणे विचारलं होतं, “काका, तुम्ही तुमच्या मुलाला काय काय करू देता?” ते बिचारे खरंच गोंधळले. असा प्रश्न कुणी विचारू शकतं हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

याहून अवघड शब्द आहे ‘सगळं सांभाळून’. ‘तिने सगळं सांभाळून नोकरी करावी.’ हे मुलाची आई म्हणते, मुलाची मोठी बहीण म्हणते, स्वतः नोकरी केलेल्या बायका म्हणतात, आणि हल्ली मुली स्वतःही म्हणू लागल्या आहेत, “हो, मी सगळं सांभाळून करीन.” या ‘सगळं’मध्ये काय काय येतं याची यादी कुणी मागत नाही. मी मागते. मग निघतं की त्यात गॅस संपत आला की नंबर लावणं आहे, दूधवाल्याचा हिशोब आहे, नणंदेच्या मुलीच्या बारशाला काय न्यायचं ते आहे, सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी संपायच्या आत आणणं आहे. हाताचं काम एकवेळ बाई लावून कमी करता येतं. उद्या भाजी कोणती हे आदल्या रात्री डोक्यात घेऊन झोपणं कुणाकडे देणार? मुलगा म्हणतो, “काकू, मी करतो की मदत. तिने नुसतं सांगायचं.” त्याला मी म्हणते, बाळा, सांगणं हेच तर काम आहे.

आता मुलींच्या अपेक्षांबद्दल बोलते. हे बोलताना मला बाईंची आठवण जास्त येते, कारण त्या मुलींशीही तितक्याच कडक होत्या. आज आमच्याकडे येणाऱ्या मुलीला मुलाचा पगार तिच्यापेक्षा जास्त हवा असतो. शिक्षण तिच्याइतकं किंवा वरचढ. फ्लॅट स्वतःचा, शक्यतो पुण्यात. सासूसासरे गावाला. ज्या मुलीला घरात बरोबरी हवी आहे, तिला कमावण्यात बरोबरी नको असते, तिथे तिला वरचाच हवा असतो. मी या मुलींना लोभी म्हणणार नाही. पदरात मूल आलं की पगार बंद होण्याची वेळ आपल्यावरच येणार, हे त्यांनी मोठ्या बहिणीचं बघितलेलं असतं. म्हणून त्या आधीच तजवीज करून ठेवतात. पण त्या तजविजीचं ओझं एका माणसाच्या पाठीवर पडतं. एकतीस वर्षांचा एक मुलगा, नाव सांगत नाही, माझ्यासमोर म्हणाला होता, “काकू, सात मुली बघितल्या. सातही जणींनी पॅकेज विचारलं. मला स्वयंपाक येतो हे मी एकीलाही सांगू शकलो नाही. विचारलंच नाही कुणी.” त्याला खरंच उत्तम स्वयंपाक येत होता. आई लवकर गेली होती, धाकट्या भावाला त्याने जेवू घालून वाढवलं होतं. त्याच्या परिचयपत्रकात या गोष्टीला जागा नव्हती. नाडीला होती.

खेड्यातलं चित्र आणखी कठीण आहे. डिसेंबर 2022 मध्ये सोलापूरला लग्नाळू तरुणांनी मुली मिळत नाहीत म्हणून मुंडावळ्या बांधून, काहींनी घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. वर्तमानपत्रांनी फोटो छापले, लोक हसले. मला हसू आलं नाही. महाराष्ट्रात 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 913 मुली होत्या. 2011 मध्ये त्या 894 झाल्या. त्या 2001 मधली मुलं आज लग्नाची आहेत. आईबापांनी पोटातच केलेल्या निवडीचा हिशोब आता पोरं चुकती करत आहेत. पण निव्वळ संख्येवर हे भागत नाही. शेतकऱ्याची मुलगी शेतकऱ्याला का नाकारते? तिने आईचा मंगळवार बघितलेला असतो. पहाटे शेण, धारा, चूल, मग दिवसभर खुरपणी किंवा निंदणी, संध्याकाळी पुन्हा धारा, पुन्हा चूल. एवढं करून सातबाऱ्यावर नाव बापाचं आणि चुलत्याचं. ती शेतीला नाही म्हणत नाही. बिनपगारी, बिननावाच्या दिवसाला नाही म्हणते. तिच्या जागी मी असते तर मीही नाही म्हटलं असतं.

या बाबतीत आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट तरुणांना कुणी सांगत नाही. 1986 च्या नोव्हेंबरमध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. राज्यभरातून शेतकरी बायका आल्या होत्या. त्यातून पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली. घरच्या लक्ष्मीच्या कष्टाचं ऋण म्हणून नवऱ्याने जमिनीचा तुकडा तिच्या नावावर करून द्यायचा. गावोगावच्या शेतकऱ्यांनी तो करून दिलाही. साधे, फारसं न शिकलेले शेतकरी होते ते. आज मुलगी मिळत नाही म्हणून हताश झालेल्या बापांना मी सांगते, घोडा राहू द्या, मुलाच्या परिचयपत्रकात एक ओळ घाला की लग्नानंतर अर्धा एकर सुनेच्या नावावर होईल. दोघातिघांनी घातली. एकाचं लग्न त्या ओळीमुळे जमलं असं मुलीनेच मला सांगितलं.

अपेक्षा स्पष्ट बोलून दाखवणं हे पश्चिमेकडून आलेलं फॅड आहे, असं काही ज्येष्ठ मंडळी मला सांगतात. त्यांना मी आदराने जोतीराव फुल्यांकडे घेऊन जाते. सत्यशोधक समाज 1873 मध्ये स्थापन झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न लागलं. या लग्नात भटजी नाही, एवढंच आपल्याला माहीत असतं. त्याहून मोठी गोष्ट जोतीरावांनी रचलेल्या मंगलाष्टकांत आहे. तिथे वधू गप्प उभी राहत नाही. ती वराला सगळ्यांसमोर सांगते की स्वातंत्र्य काय असतं हे आम्हा बायकांना ठाऊकच नाही, आमचे हक्क आम्हाला देण्याची शपथ घे. आणि वर तशी ग्वाही देतो. दीडशे वर्षांपूर्वी, चारचौघांत, अक्षता पडायच्या आधी! अपेक्षेचा रकाना त्यांनी मांडवाच्या मधोमध आणून ठेवला होता. आपण तो परिचयपत्रकाच्या तळाला नेला आणि त्यात ‘अनुरूप’ लिहून मोकळे झालो.

आणि न बोलल्याने काय होतं, हे सांगायला रखमाबाई आहेत. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलं. मोठेपणी त्यांनी नांदायला जायला नकार दिला. 1884 मध्ये नवऱ्याने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. 1887 मध्ये न्यायालयाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग चालेल म्हणून कळवलं. पुढे तडजोड झाली, त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत-राजकोटच्या बायकांची अनेक वर्षं सेवा केली. त्यांच्या खटल्यावर टिळकांपासून सगळे बोलले. लग्नाआधी मात्र त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

आज न्यायालयाची भाषा बदलली आहे. सप्टेंबर 2023 मध्ये त्याच मुंबई उच्च न्यायालयापुढे एका नवऱ्याचं अपील आलं. बायको घरकाम करत नाही, ही त्याची एक तक्रार होती. आजच्या काळात घराचा भार दोघांनी सारखाच उचलायचा असतो, असं न्यायमूर्तींनी सुनावलं आणि घटस्फोट नाकारला. मला त्या निकालाने आनंद झाला. पण त्या दोघांचं लग्न 2010 चं होतं. तेरा वर्षांनी, वकिलांच्या तोंडून, खंडपीठासमोर त्यांच्यात घरकामाबद्दल बोलणं झालं. तोच विषय एका रविवारी सकाळी कागदावर अर्ध्या तासात निघतो.

माझ्या घरचंही सांगते, कारण इतरांच्या मुलांचे कागद तपासणारीने आपला लपवू नये. मी नोकरी केली, मंडळाचं काम केलं, व्याख्यानं दिली. माझा मुलगा चांगला निघाला, कुणाला तोंड वर करून बोलत नाही. त्याचं लग्न झालं आणि पंधरा दिवसांनी सूनबाई मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, “आई, यांना कुकरला किती पाणी घालायचं तेसुद्धा माहीत नाही. तुम्ही नाही का शिकवलं?” तिच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंच नवल वाटलं होतं तिला. मी त्या रात्री झोपले नाही. बारावीला त्याचा अभ्यास होता म्हणून नाही शिकवलं. मग तो होस्टेलला गेला म्हणून नाही. मग नोकरी लागली, थकून येतो म्हणून नाही. माझ्या लेकीला मात्र मी आठवीत कुकर लावायला शिकवलं होतं, आणि बारावीला अभ्यास तिलाही होता. ‘डबा घेऊन निघणे’ लिहिणारी मुलं आकाशातून पडत नाहीत. त्यांचा तो मंगळवार आम्ही आयांनी त्यांना वीस वर्षं लिहून दिलेला असतो.

म्हणून हल्ली मी व्हरांड्यातल्या आईवडिलांनाही कागद देते. बहुतेक रागावतात. काही लिहितात. एका मुलाच्या आईने स्वतःचा मंगळवार लिहिता लिहिता मधेच पेन खाली ठेवलं आणि मला म्हणाल्या, “हे सगळं मी तिच्यावर टाकणार होते होय?”

शेवटी गेल्या फेब्रुवारीतली एक जोडी सांगते आणि थांबते. मुलगा निफाडकडचा, चार एकर द्राक्षबाग. मुलगी नाशिकला दवाखान्यात परिचारिका. द्राक्षवाल्याला नोकरी करणारी मुलगी हो म्हणत नाही, हे गृहीत धरूनच दोन्हीकडचे आले होते. तासभराने कागद उघडले. त्याचा दिवस पहाटे चारला सुरू होत होता, कारण ऊन चढायच्या आत फवारणी उरकायची असते. तिच्या कागदावर मंगळवार नव्हताच. तिने वर लिहिलं होतं, ‘रात्रपाळी असेल तर’, आणि खाली सकाळी नऊला ‘घरी येऊन झोपणे’. त्याने ते वाचलं. मग आपल्या कागदावर सकाळी आठला लिहिलेलं ‘न्याहारी करणे’ त्याने खोडलं. पेन धरून बराच वेळ बसला. वर काय लिहावं हे त्याला सुचत नव्हतं. शेवटी तिला विचारलं, “कणीक किती लागते?”

ती म्हणाली, “दोघांना की घरातल्या सगळ्यांना?”

तो बोटावर मोजू लागला. आजी, आई, वडील, भाऊ, आपण. मग म्हणाला, “आजी भाकरी खाते.” तिने कागद आपल्याकडे ओढला आणि दोघंजण समासात घरातल्या माणसांची नावं लिहू लागले.